रिकामं वजन

पंखाचं कापड मी शिवलं.
ब्लाउजची गिऱ्हाइकं दिवाळीपर्यंत थांबवून,
बोहरी आळीतून आणलेल्या मेणाच्या दोऱ्यानं,
बोटभर अंतरावर एकेक गाठ.
हे म्हणायचे, टीप सरळ हवी,
वर उसवली तर दुरुस्तीला कोण येणार.
मी म्हणायचे, आधी वर जाऊ तर देत.

भोसरीच्या गाळ्यात दिवसा पंपाचे शाफ्ट निघायचे.
रात्री त्याच लेथवर जे निघायचं
त्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं.
शेजारचा लतीफ शटर ओढता ओढता विचारायचा,
"भाभी, ते कुठवर आलं?"
ते, एवढंच.
पोटातल्या मुलाबद्दल विचारतात तसं.

मग दिल्लीचं पत्र. सात पानं.
पुढून इंग्रजी, मागून हिंदी,
मराठीत फक्त आमचा गाळा नंबर,
तोही पोस्टमननं पेन्सिलीनं दुरुस्त केलेला.
हे वाचत होते, मी कणीक मळत होते.
नळी कुठल्या कारखान्याची, तिचा दाखला.
बोल्टचा दाखला. दोऱ्याचा दाखला.
शिवणाऱ्याचं नाव आणि पात्रता.
तिथे ह्यांनी माझं नाव घातलं
आणि पुढे लिहिलं:
सत्तावीस वर्षं. एकही ब्लाउज परत आलेला नाही.

कुलश्रेष्ठ नावाचे साहेब तपासायला आले.
कोणी सांगितलं नसताना बूट बाहेर काढले.
पंखावर टिचकी मारली, कापड ताशासारखं बोललं.
काम सुंदर आहे, म्हणाले.
फाइल उघडली, बराच वेळ चाळली,
मग म्हणाले, काम सुंदर आहे
हे लिहायला यात रकाना नाही.

चोरडियांच्या भंगाराच्या काट्यावर चढवलं
तर चार किलो जास्त.
मग पॅडलला भोकं पाडली. गादी काढली.
लतीफनं हौसेनं दिलेला निळा रंग खरवडला.
हे चहात साखर घेईनात, रात्री अर्धीच भाकरी.
आठवड्यानं माझ्या लक्षात आलं.
अहो, म्हटलं, रिकामं वजन म्हणजे माणूस सोडून.
तुम्हाला त्यांनी धरलेलंच नाही.
हे काट्याकडे बघत राहिले.
मग उरलेली अर्धी मागून घेतली.

लोहगावहून सुखोई उठतं
तेव्हा डब्यातले नट थरथरतात.
हे वर बघत नाहीत.
एकदाच म्हणाले, त्यांचंही चुकत नाही गं,
उद्या कोणीही गच्चीवरून काहीही उडवेल,
कोणाच्या तरी पत्र्यावर पडेल.
आपलं नाही पडणार, मी म्हटलं.
असं प्रत्येकाची बायको म्हणते, हे म्हणाले.

जमिनीवर चालवायला कोणाची ना नव्हती.
तेवढंच करायचं, असं ठरवून
पौषातल्या एका पहाटे मोशीच्या पलीकडे,
वहिल्यांच्या पडीक माळावर.
मी टोकाला उभी, हातात बॅटरी आणि थर्मास.
आधी गवतातून खडखडाट आला, वाढत गेला,
ट्रंक फरशीवरून ओढावी तसा.
आणि थांबला.
इंजिन चालूच होतं. खालचा आवाज तेवढा गेला.
एक आवंढा गिळेपर्यंत.
मग पुन्हा खडखडाट.

लांब कुठे तरी कुत्रं भुंकलं.
हे उतरले. माझ्याकडे न येता मागे चालत गेले.
दवात चाकांच्या दोन रेघा होत्या,
मध्येच तुटलेल्या, पुढे परत सुरू.
ह्यांनी तुटलेलं पावलांनी मोजलं. अकरा.
वहीत लिहिलं: आज जमिनीवर चालवले. इंजिन ठीक.
मग चप्पल काढली
आणि टाच ओढत ओढत
इकडची रेघ तिकडे नेऊन जोडली.
मग दुसरी.

डावी जरा वाकडी गेली.
टीप सरळ हवी, मी म्हटलं,
आणि चहा ओतला. साखर घातलेला.